जनूच्या उघाडीचा कागद

मिठागरवाल्या काळुरामचा मला राग होता, पण सगुणाच्या रागापुढे तो काहीच नाही.

सगुणाचा बाप जनू आमच्या खारबांधाच्या उघाडीचा, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या दाराचा, राखणदार. भरतीला दार पाडायचं, ओहोटीला उचलायचं, एवढं त्याचं काम. बासष्ट साली अमावस्येच्या उधाणात बांध फुटला, भातात खारं पाणी शिरलं. जनूने दार उघडं ठेवलं, त्या लोटाने बांध गेला, असं काळुराम म्हणाला आणि आम्ही शहाण्यांनी माना डोलावल्या. जनूला वाळीत टाकलं. नारळी पुनवेला खाडीला पहिला नारळ त्याच्या हातचा असायचा, तो मानही काळुरामने घेतला.

सगुणा पेणला बांधाच्या ऑफिसात झाडू मारायला लागली, ती पोटासाठी नव्हे. उघाडीच्या आतल्या, शेताकडच्या अंगाला ऑफिसने यंत्र बसवलं होतं. पाणी चढेल तशी त्याचं पेन कागदावर रेघ ओढायची. आडवे तास, उभे फूट. ते कागद गठ्ठ्यात पडायचे, वाचत कुणीच नसे. कारकुनाला विचारून विचारून ती रेघ वाचायला शिकली आणि नऊ वर्षं गठ्ठे उपसत राहिली. संक्रांतीला बांध फुटला त्या तारखेचा कागद हाती लागला.

तिने बापालाही सांगितलं नाही. काळुरामच्या हातात नारळ असतानाच, सगळ्या गावासमोर, कागद उघडायचा होता तिला.

पुनवेला तिने तसंच केलं.

"वाचा, काळुरामदादा. सकाळी सातला आत पानी किती हाय?"

त्याने बोट ठेवलं. "एक फूट."

"नवाला?"

"एकच."

"दार उघडं असतं तर भरतीबरोबर रेघ चढली नसती? आता अकरा बघा."

अकराला रेघ भिंतीसारखी सरळ वर गेली होती, पाच फुटांपर्यंत.

"हा बांध फुटला. पायथ्याची माती सोताच्या मिठागराला कुनी नेली, त्ये पन सांगा."

काळुरामने नारळ खाली ठेवला. त्याचं तोंड बघून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

म्हाताऱ्या पुंडलिकने तो नारळ सगुणाच्या हातात दिला. "ह्यो कागद कवा गावला गो तुला?"

"संक्रांतीला."

पुंडलिक बोटांवर महिने मोजू लागला. जनू संक्रांतीनंतरच्या वैशाखात गेला होता, कागदाचं काही न कळताच. वाळीतल्या माणसाला खांदा द्यायला आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं, पोरीने बैलगाडीतून नेलं होतं.

सगुणा नारळ घेऊन पाण्यात उभी राहिली. ओहोटी लागली तरी तो तिच्या हातातच होता.