भिंतीवरची बाई

धाड गावात एसटी थांबायची त्या निंबाच्या समोर माझं घर होतं. घर दोन खोल्यांचं, पण रस्त्याकडची भिंत लांब होती. गाडीतून उतरणाऱ्या माणसाची पहिली नजर त्या भिंतीवरच पडायची. बुलढाण्याच्या एका कापडवाल्याने ती हेरली.

तेव्हा नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि कापड वाराऐवजी मीटरने मोजायला लागले होते. हा शेट जाहिरातीला फार धडपडायचा. आठवडी बाजारात त्याचा भोंगा लावलेला टांगा फिरायचा, रंगीत कागद उधळले जायचे. ते कागद पोरं गोळा करायची आणि बाया चुलीत घालायच्या. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून चुलीत घालण्याआधी वाचायची. त्यात एकच असायचं : माल उत्तम, भाव एकच, घासाघीस नाही.

शेट स्वतः आला. ओट्यावर बसून म्हणाला, "बाई, तुमची भिंत द्या. दरसाल दिवाळीले एक लुगडं देईन."

"भिंत घेऊन काय करता?"

"रंगवतो. रस्त्याने जाणारायले दिसली पायजे."

"घरात तर शिरणार नाही ना?"

"भिंत बाहेरून रंगवतेत बाई," तो म्हणाला, आणि मी हो म्हटलं.

माझा नवरा रेल्वेच्या ठेकेदारासोबत भुसावळकडे कामाला गेला होता, तो आलाच नाही. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याचीही नाही. सासू होती तोवर ती वाट पाहायची. ती गेल्यावर ते काम कुणी केलं नाही. मी लोकांच्या शेतात निंदायला जायची, घरी येऊन भाकर टाकायची आणि भिंतीकडे तोंड करून जेवायची. कुंकू मी लावत होते, कारण काढायला काही कारण झालं नव्हतं. पण त्यामुळे गावातल्या बायांची पंचाईत झाली. सवाष्ण म्हणून बोलवावं तर नवरा नाही, विधवा म्हणावं तर मयत कुणी पाहिलेली नाही. शेवटी त्यांनी मला बोलावणंच सोडलं. संक्रांतीचं वाण आळीत घरोघर फिरायचं आणि माझं दार गाळून पुढे जायचं. भांडण कुणाशी नव्हतं. भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं.

रंगारी आला, शिडी लावली आणि त्याने भिंतीवर एक बाई काढली. माझ्या दुप्पट उंच, हिरवं नऊवारी, लाल काठ, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बाजूला दुकानाचं नाव, बुलढाणा, लग्नाचा बस्ता मिळेल, भाव एकच. चेहरा काही खास जमला नव्हता. एक डोळा एसटीकडे पाहायचा, दुसरा माझ्या दाराकडे. लुगडं मात्र झकास काढलं होतं, निऱ्या मोजून घ्याव्यात असं.

चारआठ दिवसांनी सकाळीच कुणीतरी कडी वाजवली. माझी कडी वाजत नसे, म्हणून आधी मला शेजारची वाटली. दार उघडलं तर सहासात माणसं उभी. एक पागोट्यातला म्हातारा, बाया, हातात रिकामं गाठोडं.

म्हातारा म्हणाला, "शेट हायेत का?"

"कोण शेट?"

"कापडवाले. पोरीचा बस्ता फाडाले आलो आमी." बस्ता फाडायचा म्हणजे लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घ्यायचं. त्यासाठी सगळे नातेवाईक सोबत जातात, आणि एकाला जरी नेलं नाही तर तो लग्नात जेवत नाही.

"दुकान इथं नाही. बुलढाण्याले हाय. एसटी धरा."

"मंग हे बाई इथं काऊन काढली?"

"बाजूले लिहिलं हाय ना."

"लिहेल वाचता आलं असतं, तर वावरात कायले राबलो असतो?" म्हातारा म्हणाला, आणि त्याच्याच बाया हसल्या.

गाडीला वेळ होता. मी त्यांना पाणी दिलं, मग चहा टाकला. संध्याकाळी तीच माणसं परत आली. त्यांची बैलगाडी धाडलाच सोडलेली होती. गाठोडं आता फुगलेलं होतं. एका बाईने ते माझ्या ओट्यावर ठेवलं. ती पोरीची आत्या होती. म्हणाली, "माय, बस्ता घरी न्याच्या आंधी सवाष्णीचा हात लागाव लागते. तुमीच लावा हळदीकुंकू. तुमच्याच दारून गेलतो ना सकाळी."

तिने माझं कपाळ पाहिलं होतं, तेवढं तिला पुरलं. मी डबी आणली आणि गाठीला हळदीकुंकू लावलं. मग आत्याने गाठ सोडून मला एकेक लुगडं दाखवलं, आणि कोणतं कुणासाठी, कोण त्यावर रुसणार, तेही सांगितलं.

त्यानंतर लग्नसराईभर लोक येत राहिले. खालच्या अंगाच्या खेड्यांतून येणाऱ्यांना बाई दिसायची आणि ते थेट माझ्या दारात. कुणी मला शेटाची बहीण समजलं, कुणी मालकीण. एका म्हातारीने तर घासाघीसच सुरू केली. मी सांगितलं, भाव एकच. ती म्हणाली, "आधी माल तं दाखव, मंग भाव सांग." मी चहाची पूड जास्त आणू लागले. निंदायला जायचे दिवस कमी केले. संध्याकाळची शेवटची गाडी येईपर्यंत दार पुढे करायची नाही. माझ्या डबीतलं कुंकू संपलं आणि बाजारातून नवं आणावं लागलं. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

समोरच्या घरातली बाई हे पाहत होती. ती मनाने वाईट नव्हती. पण तिच्याकडे लेकीसुना, भरलं घर, आणि लोक चहाला माझ्याकडे. एक दिवस मोठं बिऱ्हाड उतरलं. परतीच्या वेळी नवऱ्या मुलीच्या आईने गाठोडं ओट्यावर ठेवलं, मी डबी उघडली, तेवढ्यात ती समोरून म्हणाली, "वं बाई, लावू द्या खुशाल. पण तिचा मालक कुठी हाय, ते इचारलं का?"

मुलीच्या आईने माझ्याकडे पाहिलं. "कुठी हायेत?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"म्हंजे गावाले गेले?"

"गेला होता. आला नाही."

तिने गाठोडं उचललं, डोक्यावर घेतलं. एक पोरगी चहा पीत होती, तिच्या हातातला कप काढून ओट्यावर ठेवला. जाताना म्हणाली, "राग नका मानू बाई. लग्नाचं काम हाय." मी राग मानला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. डबी बंद करून आत ठेवली आणि कप धुतला.

दिवाळीच्या आधी शेट आला. या वेळी ओट्यावर बसला नाही.

"बाई, त्या चित्राने घोटाळा होऊन राह्यला. गिऱ्हाइकं तुमच्या दारी अडकते. आन लोक कायबाय बोलते. लग्नाचा धंदा हाय आपला. चित्र पुसतो, नुसते अक्षर मोठे काढतो. लुगडं तुमाले चालूच राहीन."

"अक्षरं पाहून कुणी कडी वाजवणार नाही."

"तेच तं म्हनतो ना मी."

मी म्हटलं, "मग पुसू नका. भिंत माझी हाय. लुगडं नको मले."

त्याला वाटलं मी दोन लुगडी मागते आहे. दोन देतो म्हणाला. मी दार लावून घेतलं. त्याने रस्ता ओलांडला आणि समोरच्या बाईची भिंत ठरवली. तिथे माणसाच्या उंचीची लाल अक्षरं आली. त्या दिवाळीला तिने नवं लुगडं नेसून मला मुद्दाम दाखवलं. काठ बरा होता, पोत पातळ होता.

लोक तरी माझ्याच दारी येत राहिले. समोरची अक्षरं कोण वाचतो? पण आता मी डबी बाहेर आणत नसे. कुणी हळदीकुंकवाचं म्हटलं की मीच आधी सांगून टाकायची, नवऱ्याचा पत्ता नाही. बहुतेकजण गाठोडं उचलायचे. एकदा एक अगदी म्हातारी बाई म्हणाली, "मेला म्हून सांगाले आलं का कोनी? नाही ना? मंग लाव." मी लावलं. असं म्हणणारी तेवढी एकच भेटली.

पुढे चित्र पावसाने जाऊ लागलं. आधी चेहरा गेला, मग हिरवा रंग. रंगाऱ्याला बोलावून उजळून घ्यावं असं एकदा मनात आलं, पण भिंतीवरचं लुगडं दुकानाचं होतं आणि मी त्या दुकानाची कोण? लाल काठ तेवढा तळाशी टिकला. ओटा सारवताना मी त्यावर शेण उडू देत नसे. लोक कमी झाले. मग कुणी येईना.

एका दुपारी वावरातून परत आले तर भिंतीला चुना लागला होता आणि सरकारी माणसं चित्र काढत होती. मोठा लाल त्रिकोण, शेजारी हसणारे आईबाप आणि दोन पोरं. मी विचारलं, कुणाला विचारून काढता? ते म्हणाले, सरपंचाले. खाली लिहिलं होतं की लेकरं थोडी असली की घर सुखी राहतं. समोरची हसत आली आणि म्हणाली, "तुयाच भिंतीवर काऊन काढलं वं हे?" तिला सहा होती. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी आम्ही बोललो.

तो त्रिकोण फार पक्का निघाला. गाडीतून उतरणारे लोक तो पाहायचे, बाया तोंडाला पदर लावायच्या आणि पुढे निघून जायच्या. चहाची पूड मी पुन्हा पहिल्यासारखी थोडी आणू लागले.