वुकोताने इंजिनाला वारा लागू दिला नाही

…नाही गं नेदा, 'कारागीर' लिहू नकोस. खोड ते. वुकोताला कारागीर म्हणायचं तर मग कोबी खाणाऱ्या आपल्या बोकडाला माळी म्हणावं लागेल. असं लिही की माझा धाकटा दीर वुकोता जन्मभर वस्तू उघडत आला. उघडायला त्याला छान येतं. लावायला येत नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आठवड्याच्या आत त्याने माझं माहेरचं गजराचं घड्याळ उघडलं. परत लावलं तर तीन चाकं उरली. मला म्हणतो कसा, "वहिनी, ही जास्तीची आहेत. कारखान्यात चुकून पडली असतील." नऊ वर्षांचं पोर! मला हसू आलं. तेव्हाच एक ठेवून दिली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. हेही लिही, माझी चूक मी लपवत नाही.

मग तो सैन्यात गेला. तिथून पत्र आलं, मी वाहनांच्या तुकडीत आहे. सासूबाई गावभर सांगत फिरल्या. पुढे त्याच्याबरोबर असलेला एक जण आपल्याकडे राकिया, आपली घरची फळांची दारू, प्यायला बसला आणि बोलून गेला, की हा त्या तुकडीच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायचा. पण परत आला तो तेलकट टोपी घालून, आणि ती टोपी डोक्यावरून उतरली नाही. लग्नात पाद्रीबाबांनी काढायला लावली तर कपाळावर तिचा काळा गोल. दोब्रिलाने तो गोल बघूनसुद्धा 'हो' म्हटलं. बिचारी. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती, एकोणिसाव्या वर्षी माणसाला काय दिसतं?

दोब्रिला म्हणजे माझी धाकटी जाऊ. हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणून सांगते. पाच गायी तिच्या. उन्हाळाभर गायी वर कातुनावर, आमच्या डोंगरावरच्या कुरणात, लाकडी झोपड्यांपाशी. पायी तीन तास चढ. चाळीस वर्षं तिने तो चढ पायांनी केला, पाठीवर सायीचा डबा घेऊन. मग गुडघे गेले. दोन्ही. डॉक्टर म्हणाला, चढ बंद. त्या दिवशी ती माझ्या ओसरीवर बसून म्हणाली, "ताई, मला गावात बसवलंत तर मी वर्षभरात मरेन." रडली नाही. नुसतं सांगितलं, पीठ संपलंय म्हणून सांगावं तसं.

तेव्हा तिच्या भावाने तिला ती क्वाड आणून दिली. तूच बसतेस की तिच्यावर, चार जाड चाकांची, घोड्यावर बसावं तसं बसायचं, दगड म्हणू नका चिखल म्हणू नका. तिला दिली हं. वुकोताला नाही. भावाने किल्ली तिच्या हातात ठेवली आणि वुकोताने ती तिच्या हातातून घेतली. "बघतो जरा," म्हणाला. सहा वर्षं बघत होता. तिला वर जायचं झालं की किल्ली त्याच्याकडून मागून घ्यायची.

क्वाडबरोबर एक जाड पुस्तक आलं होतं, चित्रांचं. काय कधी बदलायचं, कुठे तेल, कुठे वंगण. ते त्याने टेबलाच्या आखूड पायाखाली घातलं. "पुस्तक बघून गाडी लावणारे शहरातले," म्हणाला. टेबल मात्र तेव्हापासून डगमगत नाही. त्याने केलेली एवढी एकच दुरुस्ती टिकली.

आता यंदाची गोष्ट. एप्रिलमध्ये खिंडीतून जाताना क्वाड जरा अडखळायची, खोकल्यासारखं करायची. वुकोता दोन दिवस टोपी मागे-पुढे करत विचारात. आणि मग त्याला सुचलं. प्रोमाया!

प्रोमाया वाईट, त्यात वाद नाही. घराची दोन दारं समोरासमोर उघडी राहिली की आरपार जातो तो वारा, त्याच्यात बसू नये. माझ्या सासऱ्यांचं तोंड त्यानेच वाकडं झालं होतं. आणि तू ओले केस घेऊन खिडकीत बसतेस तेही मला दिसतं बरं का. पण बाई, ते माणसाचं! इंजिनाची काय मान आखडते? त्याची कंबर धरते? तर या शहाण्याने काय केलं, सीटखाली एक डबा असतो, त्याच्या तोंडातून इंजिन श्वास घेतं. त्या तोंडात त्याने लोकरीचा मोजा कोंबला. जाडा, पायाचा. बोटांनी नाही, स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने ठासून ठासून. इंजिनाला खिंडीतला वारा लागू नये म्हणून! कुणाला सांगितलं नाही. मनातल्या मनात खूश.

मे महिन्यात गायी वर गेल्या. जूनमध्ये क्वाड चढ घेईना. सपाटीला ठीक, चढाला लागली की गुदमरायची, मागून काळा धूर, आणि बंद. जुलैत, एका बुधवारी, अर्ध्या वाटेवर बंद पडली ती पडलीच. दोब्रिला वर जात होती. उताराने कशीबशी घरंगळत खाली आणली, एक पाय ब्रेकवर, डोळ्यात पाणी. वरच्या शेजारणीला, मिलुंकाला, निरोप गेला की गायींचं दूध काढ. मिलुंका म्हणाली, काढते, पण शनिवारपर्यंतच, माझ्या मुलीचे दिवस भरलेत, मला खाली जायचंय.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. एवढाच वेळ होता.

आता तू म्हणशील, वुकोताने पायी जाऊन दूध काढायचं. अगं, आमच्याकडचा पुरुष! मेला तरी आचळाला हात लावणार नाही. मिशी गळून पडत असेल. त्याने काय केलं, तर व्यापाऱ्याला फोन केला. रविवारी ये, पाचही गायी घेऊन जा. दोब्रिलासमोर केला फोन. "गाडी दुरुस्त झाली तर झाली," म्हणाला, "नाहीतर पुरे आता. म्हातारे झालो." ती कढईतली खरवड खरवडत होती, खरवडतच राहिली. कढई लख्ख झाली तरी.

आणि मग गुरुवारी सकाळी दुरुस्ती सुरू झाली.

वुकोताची दुरुस्ती म्हणजे आधी कॉफी. मग तोमाशला हाक. तोमाश पलीकडच्या कुंपणाचा, त्याला कार्ब्युरेटर आणि कोबी यातला फरक कळत नाही, पण मान हलवायला उत्तम. मग राकिया. मग दोघं हात पाठीमागे बांधून क्वाडभोवती फिरणार. दोनदा. तीनदा. जशी काही नवरी बघायला आलेत.

"कार्ब्युरेटर," वुकोता म्हणाला.

"कार्ब्युरेटरच," तोमाश म्हणाला.

काढला. माझ्या दह्याच्या पातेल्यात पेट्रोल ओतून धुतला. विचारलं नाही. त्या पातेल्यात आता मी दही लावू? कोंबड्यांना पाणी ठेवते त्यात, तर कोंबड्यासुद्धा वळून बघत नाहीत. लावला परत. किक मारली, फुरफुरली, काळा धूर, बंद.

"मग पट्टा," वुकोता म्हणाला.

"मी म्हणणारच होतो, पट्टा," तोमाश.

पट्टा काढला. पट्टा चांगला होता. पण काढलाच आहे तर म्हणून त्याच्यामागचंही काढलं. संध्याकाळी अंगणात चादर अंथरलेली आणि तिच्यावर अर्धी क्वाड. मी म्हटलं, "वुको, ही परत एकत्र येणार आहे का, का तिचे फोटो काढून ठेवू?"

"वहिनी, तू चुलीपाशी बस. हे वेगळं शास्त्र आहे."

शुक्रवारी दुपारपर्यंत त्याने सगळं लावलं. खरं सांगते, लावलं. पाच बोल्ट उरले. घड्याळाच्या वेळी तीन होते, म्हणजे इतक्या वर्षांत माणूस पुढेच गेला म्हणायचा. "जास्तीचे असतात," म्हणाला. मी एप्रनचा कोपरा तोंडात कोंबला, हसू बाहेर पडू नये म्हणून.

परत किक. परत धूर. आता एवढा काळा की धुणं आत घ्यावं लागलं.

दोब्रिला ओसरीच्या पायरीवर बसली होती, दुखऱ्या गुडघ्यांवर कोबीची पानं बांधून. दोन दिवस ती नुसती बघत होती. ती म्हणाली, अगदी हळू, "चुलीचं खालचं दार बंद राहिलं की असाच धूर होतो."

"चूल आणि इंजिन एक का गं?" वुकोता हसला. तोमाशही हसला, त्याच्या मागोमाग.

"दोन्हीत जाळायचंच असतं ना? हवा नाही मिळाली की गुदमरतं."

"हवेचं बघायचंच नाही. त्याचा बंदोबस्त मी वसंतातच केलाय."

"कसला बंदोबस्त?"

आता बघ हं. त्याला गप्प बसता आलं असतं. पण नाही, छाती पुढे, टोपी मागे. "प्रोमायाचा," म्हणतो. "इंजिनाला खिंडीत सर्दी होत होती. मी लोकर लावली आत."

तोमाशने पेला खाली ठेवला. तोमाशने! ज्याने जन्मात आपणहून पेला खाली ठेवला नाही.

दोब्रिला उठली. कठड्याला धरून उठली, कोबीची पानं खाली पडली तशीच. सीटखालची कडी ओढली, सीट उचलली. "अगं तिथे हात घालू नकोस, गार होईल," हा मागून ओरडतोय. तिने डब्याच्या क्लिपा उघडल्या आणि मोजा ओढला. ओढतेय तर ओढतेय, लांबच्या लांब. तिच्याच हातचा मोजा गं. नाताळला विणून दिलेला, वर लाल पट्टी. काळा झालेला, पेट्रोलचा वास मारणारा. तिने तो वुकोताच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "पायात घाल. सर्दी तुला होईल."

एवढ्या वर्षांच्या संसारात ती त्याला इतकं बोललेली मी ऐकलं नव्हतं.

आणि आतला स्पंज, हवा गाळायचा, बाई बाई! चिखल, गवताचा चुरा, एक मेलेली गांधीलमाशी. सहा वर्षं कुणी हात लावला नव्हता. टेबलाखालचं पुस्तक मी ओढलं. टेबल डुगडुगलं, तोमाशचा पेला आडवा झाला, होऊ दे. चित्रं बघितली आम्ही दोघींनी. अक्षरं मला येत नाहीत आणि तिचा चष्मा वर कातुनावर राहिलेला, पण चित्रात एक हात स्पंज बादलीत दाबतो आहे, आणि पुढच्या चित्रात तेलाचा थेंब. त्यात न कळण्यासारखं काय होतं?

तिने तो आपण लोकर धुतो तसाच धुतला. कोमट पाणी, साबण, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं. चार पाण्यातून काढला. सावलीत ठेवला, उन्हात नाही, उन्हात लोकर मरते तसा स्पंजही मरेल म्हणाली. वाळला तसं तेल चोळलं, सगळीकडे सारखं, पाव भाजण्याआधी ताट माखतो तसं, आणि जास्तीचं दाबून काढलं. ठिणगी पाडणारा प्लग तारेच्या ब्रशने घासला. काजळी निघून खाली धातू दिसेपर्यंत. वुकोता बाजूला उभा राहून सांगत होता, "डावीकडे फिरव. हां. आता उजवीकडे." ती त्याच्या आधीच फिरवत होती.

उरलेले पाच बोल्टही तिने बसवले. कुठे कुठे? भोकं बघून. रिकामं भोक दिसलं की बोल्ट. एवढं शास्त्र.

शनिवारी सकाळी किक मारली. पहिल्या किकला खोकली. दुसऱ्याला लागली. धूर नाही. नुसता आवाज, स्वच्छ, पोट भरलेल्या मांजरासारखा. दोब्रिलाने क्वाडच्या टाकीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला थोडा वेळ, गायीच्या पाठीवर ठेवते तसा.

वुकोता काय म्हणाला माहितेय? "बघितलंस? मीच परवापासून आतून मोकळी करून ठेवली होती." तोमाश म्हणाला, "पट्ट्यामुळेच हो." मी त्या दोघांना अंगणातून हाकललं, केरसुणी होती हातात.

मग तिने किल्ली खिशात टाकली. आपल्या एप्रनच्या खिशात. "मी वर चालले," म्हणाली, "मिलुंकाला सोडवायचंय. बसायचं असेल तर मागे बस." नवरा बायकोच्या मागे, गावातून, चर्चवरून! त्याचा चेहरा बघायला हवा होतास. "मी पायी येईन," म्हणाला. आला नाही. रविवारी व्यापारी मोठा ट्रक घेऊन आला, तर दारात हा एकटा, टोपी कानापर्यंत ओढून. व्यापारी विचारतो, गायी कुठे? म्हणे, वर. बायको कुठे? म्हणे, वर. मग तू काय विकतोस? त्यावर याने त्याला कॉफी विचारली. मी कुंपणापलीकडे घेवडा निवडत होते, शेंगा सांडल्या माझ्या हसून.

आता दुकानापाशी बसून सांगतो, बायकोला इंजिन मी शिकवलं. सांगू दे. ऐकणारे त्याला ओळखतात.

हं, आता हात दुखला तुझा, पुरे. एक मात्र कर. उद्या तुझा बाप वर जातोय, त्याच्याबरोबर तू जा आणि ही तेलाची बाटली दोब्रिलाला दे, आणि सांग की गवत वाळायला लागलंय, धूळ उडते, तर स्पंज आता पंधरवड्यातच धू, महिन्याची वाट बघू नकोस. आणि हेही सांग, वुकोता किल्ली मागायला वर आला तर म्हणावं, ताईंकडे आहे. माझ्याकडे आला तर मी म्हणेन, दोब्रिलाकडे आहे.