शून्यावर वाढलेलं पान

माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मुलगी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "बाबा, दा कोम्ट निक्स." म्हणजे, यातून काहीच येत नाहीये.

आई गेल्यापासून ही तेरा वर्षांची पोर माझ्याशी फक्त जर्मनमध्ये बोलत होती. आई होती तेव्हा तिच्याशी भांडण मराठीत, लाडीगोडी मराठीत. माझ्या वाट्याला 'या', 'नाइन', म्हणजे हो, नाही, आणि बंद दार. आईचा विषय काढला की उठून जायची. माझा स्वभाव तापट. दोनदा आवाज चढवला, तेव्हा उरलंसुरलं बोलणंही आटलं. त्या घरात आम्ही दोघंच राहिलो होतो आणि तीही हातची जाईल, अशी मला भीती वाटत होती. म्हणून ती आपणहून आली तेव्हा खिरीचे वेलदोडे तसेच टाकून मी हात पुसले.

तिने लुआमध्ये एक छोटा गेम लिहिला होता. लुआ ही गेम करणाऱ्यांची आवडती, आटोपशीर भाषा. पडद्यावर आमचंच जेवणाचं टेबल होतं, तीन ताटं, तीन माणसं. आईच्या अंगावर तिचा तो हिरवा स्वेटर होता, जो जर्मनीतल्या, एर्लांगेनच्या थंडीत ती घरातही काढायची नाही. बटण दाबलं की एकेका ताटात जेवण यायला हवं होतं. ताटं मात्र रिकामीच. मी कोड वाचला.

"तू स्वयंपाक केलास, पण तो ओट्यावरच राहिला," मी म्हणालो. "हे फंक्शन जेवण तयार करतं. पण ते बाहेर द्यायचं तर शेवटी रिटर्न लिहावं लागतं. नाही लिहिलं तर मागणाऱ्याच्या हातात निल. काहीच नाही."

"आख झो." असं होय. तिने एक ओळ लिहिली आणि ताटं भरली. आधी माझं, मग तिचं, शेवटी आईचं. ती किंचित हसली.

तिथेच मी गप्प बसायचं होतं. पण दुसऱ्यांचा कोड तपासण्यात माझं उभं आयुष्य गेलेलं. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर येणार होते त्या गुरुजींनी बजावलं होतं की उद्या पहिलं पान गेलेल्या माणसाचं, म्हणजे बायकोचं. "जरा सरक," म्हणत मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला आणि बायकोला यादीत सगळ्यांच्या वर घेतलं. ऑफिसात आम्ही ज्या भाषांत तपासणीयंत्रांचा कोड लिहितो, त्यांत मोजणी शून्यापासून सुरू होते. पहिला म्हणजे शून्य. हात आपोआप चालला. ती शून्यावर, मी एकवर, मुलगी दोनवर. मग दूध उतू चाललं म्हणून मी धावलो. न चालवता कोड दिला म्हणून मी ऑफिसात लोकांची सालं काढतो. तो मी, चालवून न बघताच उठलो.

रविवारी गुरुजी मसाल्याच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून मंत्र सांगत होते, मी पाणी सोडत होतो. फोन ठेवला आणि पानं वाढायला उठणार, तेवढ्यात मुलीने आईच्या फोटोशेजारी लॅपटॉप उघडला. मी सांगितलं नव्हतं. तिने बटण दाबलं.

माझं ताट भरलं. तिचं भरलं. आणि तिथेच सगळं थांबलं. हिरव्या स्वेटरमधली आई रिकाम्या ताटासमोर बसून राहिली. चूक झाल्याचा संदेश नाही, लाल अक्षरं नाहीत. प्रोग्रामच्या हिशेबी सगळ्यांना वाढून झालं होतं.

"आई फेल्ट," ती म्हणाली. आई राहून गेली. मग माझ्याकडे बघून, "वास हास्ट दू गेमाख्ट?" काय केलंस तू?

तिने लॅपटॉप मिटला आणि खोलीत जाऊन दार लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आधी मला त्या लुआचाच संताप आला. मग लक्षात आलं. वर्षभराने तिने माझ्यापुढे काही आणून ठेवलं होतं आणि मी नेमका तिच्या आईलाच उपाशी ठेवलं होतं. वरण निवत होतं. मी लॅपटॉप उघडून कोड पुन्हा वाचला आणि तो घेऊन तिच्या दारावर टकटक केली.

"मला चूक सापडत नाहीये गं. तूच बघ."

खरंच सापडत नव्हती. तिने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं, मग बोट ठेवलं. लुआ एकापासून मोजते, ती जर्मनमध्ये म्हणाली. वाढण्याची फेरी एकपासून निघते. शून्यावर कुणी बसलं असेल तर बसू दे, तिकडे वाढायला कुणी जातच नाही.

"मी तिला पहिली ठेवली होती," मी म्हणालो. "आमच्याकडे पहिलं म्हणजे शून्य. विसरलो नव्हतो मी तिला." एवढं बोलेपर्यंत मला रडू फुटलं. लेकीसमोर मी पहिल्यांदाच रडत होतो.

ती अडखळत, मराठीत म्हणाली, "पण आई शेवटी बसायची. आपलं दोघांचं झालं की."

मला वाटलं होतं, नावं कशीही लिहिली गेली असतील. तिने जे रोज पाहिलं होतं तेच लिहिलं होतं.

"मग शेवटी ठेवायचं का तिला?"

तिने कीबोर्ड पुढ्यात ओढला. "नको. आज नको." आईपुढे एक लिहिलं, मग माझ्यापुढे दोन, स्वतःपुढे तीन. बटण दाबलं. आईचं ताट सगळ्यांत आधी भरलं.

आम्ही टेबलाशी आलो. मी पळी उचलली, तर तिने माझा हात धरला. "थांब बाबा. आईचं मी वाढते." भात, वरण, वर तुपाची धार, भाज्या, वडा. मग वाटीत खीर. आणि वाटीवर चमचा धरून, पानाकडे वाकून तिने विचारलं, "अजून थोडी वाढू?" आई आम्हाला विचारायची, अगदी तसंच.

उत्तर येणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ती क्षणभर थांबली आणि तिने आणखी एक चमचा खीर वाढली.