भांड्यावर नाव घालताना

ते प्रकरण मी विसरलेलो नाही. विसरून जावं असं मात्र बऱ्याचदा वाटलं, कारण त्यात माझं शहाणपण उघडं पडतं. निवृत्त झाल्यावर आमची मंडळी जिंकलेल्या केसेस रंगवून सांगतात. मी मात्र ही सांगतो. नाव-गाव कोणाचंच देणार नाही, त्यातली माणसं अजून तिथंच राहतात.

मी तेव्हा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. आजूबाजूला जंगल, आणि जिल्ह्यात दारूबंदी. दारूबंदीच्या जिल्ह्यात पोलिसाच्या डोक्यात सकाळ-संध्याकाळ दारूच असते, एक थेंब न पिता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी चूक तिथूनच निघाली.

सोमवारची सकाळ होती. हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. पलीकडच्याने नाव सांगितलं नाही.

"साहेब, कालच्या लग्नात खराब दारू झाली. चार जनाइले दिसून नाई राह्यलं. त्या म्हातारीनं काईतरी टाकलं दारूत."

गावाचं नाव सांगून त्याने फोन ठेवला. विषारी दारूने आधी डोळे जातात आणि मग जीव, हे आमच्या खात्यात शिपायालाही ठाऊक असतं. लग्नात पिणारे चारच कसे असतील? संध्याकाळपर्यंत आकडा कुठे जाईल याचा अंदाज करवत नव्हता.

आम्ही अर्ध्या तासात गावात पोचलो. लग्नघर शाळेतल्या एका मास्तरांचं होतं. बौद्ध कुटुंब, साधं, नीटनेटकं. मांडव अजून उतरवलेला नव्हता. ओसरीवर चौघं बसली होती: नवरीचा मामा, शेजारचे दोघे आणि खुद्द नवरी. तिला त्याच सकाळी नवऱ्याने मोटरसायकलवरून माहेरी आणून सोडलं होतं. एका डोळ्याने समोरच्या माणसाचा चेहराच दिसत नाही, कडेकडेने दिसतं, असं ती म्हणत होती. मामा आणि शेजाऱ्यांनी घरामागे चोरून म्हातारीकडची मोहाची दारू घेतल्याचं कबूल केलं. मग मी नवरीकडे वळलो आणि साऱ्या पाहुण्यांदेखत विचारलं, किती घेतली होती?

मास्तरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून टोचते. नवरी हळू आवाजात म्हणाली, मी घेत नाई साहेब. मी मनात ठरवून टाकलं की पोरगी बापासमोर खोटं बोलते आहे. चौघांना चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे रवाना केलं आणि मी म्हातारीच्या घराकडे निघालो.

ती गोंड म्हातारी, साठी कधीच उलटलेली, गावाच्या टोकाला एकटी राहायची. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या दारात चाळीस-पन्नास माणसं जमली होती आणि एकाच्या हातात रॉकेलची बाटली होती. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर मला पंचनामा घराचा नव्हे, राखेचा करावा लागला असता. मडकी जप्त केली, नमुने सील केले, महिला शिपायाच्या सोबतीने म्हातारीला गाडीत बसवलं.

त्या दिवशी मी तिला एकच प्रश्न किती वेळा विचारला, आठवत नाही. दारूत काय टाकलं? युरिया टाकला का? स्पिरिट कोणी आणून दिलं? ती भिंतीला टेकून बसली होती आणि प्रत्येक वेळी मान हलवत होती. मी आवाज चढवला. टेबलावर हात आपटला. मी मारणारा अधिकारी नव्हतो, पण भेदरवणारा नक्कीच होतो, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

एकदाच ती वैतागून बोलली. "आना ते मडकं. मी तुमच्यासमोर पेते. आन त्या पोरीले मी कायले देऊ? इतवारी दिवस निंगाल्यावर तं मी दारू घेऊन गेली."

शेवटचं वाक्य मी ऐकलं, जबाबात उतरवलंही, आणि पुढच्या प्रश्नाला लागलो. उत्तर माझ्याच हस्ताक्षरात माझ्यासमोर पडलं होतं. ते वाचायची बुद्धी मला झाली नाही. संध्याकाळी वरिष्ठांना कळवलं, आरोपी ताब्यात आहे, लवकरच कबुली मिळेल.

मंगळवारी सकाळी चंद्रपूरच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "इन्स्पेक्टरसाहेब, दारूचं डोक्यातून काढून टाका. दारूच्या विषाने दोन्ही डोळ्यांपुढे धुकं येतं आणि माणूस आजारी पडतो. या चौघांची तब्येत ठणठणीत आहे. प्रत्येकाचा एकच डोळा गेलाय, आणि आतल्या पडद्यावर बरोबर मधोमध भाजल्याचा डाग आहे. काहीतरी अतिशय प्रखर त्यांनी रोखून पाहिलंय."

ग्रहण झालेलं नव्हतं. मी वेल्डिंगचं विचारलं. त्या म्हणाल्या, वेल्डिंगने डोळा वरून चुरचुरतो, लाल होतो, दोन दिवसांत बहुधा उतरतो. हे आत आहे. आणि ते जे काही आहे ते अजून चालू असेल तर माझ्याकडे आणखी माणसं येतील. तेवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी तडक मास्तरांच्या घरी गेलो. चौघं आदल्या संध्याकाळीच परतली होती. मास्तर उठून उभे राहिले, पण बसा म्हणाले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. तरी त्यांच्या बायकोने रिवाजाप्रमाणे पाण्याचा पेला पुढे केला. पोलिसाला आणि पाहुण्याला पाणी द्यायचं, मग तो कसाही वागलेला असो.

स्टीलचा नवा कोरा पेला. त्यावर नाव होतं, नवरीचं आणि नवऱ्याचं, आणि कडेला एक फूल. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते कसं असतं, प्रत्येकाला माहीत आहे. टरटर आवाज करणारी सुई, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, थोडी वाकडी. हे नाव छापल्यासारखं काळं, गुळगुळीत होतं. मी विचारलं, हे कशाने केलं? आणि त्याचबरोबर, चोवीस तास उशिरा, तो प्रश्न माझ्या तोंडून निघाला जो आधी यायला हवा होता. नवरीला म्हटलं, बाई, तुम्हाला केव्हापासून दिसत नाही?

"शनिवारपासून," ती म्हणाली. "आंदनाच्या भांड्यावर नाव घालाले भांडेवाले भाऊ मशीन घेऊन घरीच आले होते. निळा उजेड पडे आन नाव उमटे. मी पूर्न वेळ पाहत होती, माझंच नाव होतं ना. मंग डोळ्यासमोर काळा ठिपका राह्यला. वाटलं, थकवा असन. लगनात कोनाले सांगू?"

दारू लग्नघरी आली रविवारी. डोळे गेले शनिवारी. मामाने आपल्या नावाची परात उमटताना पाहिली होती, शेजाऱ्यांनी आपापले डबे. आहेर देणारा माणूस आपलं नाव नीट उमटतं की नाही हे भांड्यावर वाकून पाहतोच. मीही पाहिलं असतं. शहरात भांडं दुकानात टाकून लोक चहा प्यायला जातात. इथे नाव घालणं हाच अर्धा समारंभ.

मी विचारलं, भांडेवाला आज कुठे आहे? मास्तर पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. नदीपल्याडच्या गावात, म्हणाले, उद्या तिथं लग्न आहे.

तिकडे फोन लागत नव्हता. मी आणि माझा हवालदार, दोघांनी जीप काढली. तो रस्ता नेहमी तासाभराचा, आम्ही चाळीस मिनिटांत कापला. एकदा जीप नाल्यात अडकली तेव्हा मी हवालदारावर ओरडलो. त्याची काहीच चूक नव्हती. मला मांडवातली माणसं दिसत होती, वाकलेली, डोळे फाडून बघणारी, आणि त्यांना कोणीही सांगणारं नव्हतं की पाहू नका.

मांडवात अगदी तसंच होतं. टेबलावर ॲल्युमिनियमची एक हलकी चौकट, खाली चकचकीत ताट, आणि त्यावर सुईच्या टोकाएवढा निळा ठिपका सरकत होता. बारीक धूर निघत होता. दहा-बाराजण भोवती दाटून उभे होते, बायका पुढे. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, तोंडं फिरवा, कोणी पाहू नका. आणि खरं सांगायचं तर ओरडता ओरडता माझीही नजर त्या ठिपक्याकडेच गेली. तो ओढूनच घेतो. हवालदाराने धावत जाऊन वायर उपटली तेव्हा मी डोळे मिटून उभा होतो.

भांडेवाल्याच्या डोळ्यांवर हिरव्या काचेचा चष्मा होता.

त्याला ठाण्यात आणलं. चाळिशीचा, गरीब स्वभावाचा माणूस. लेसरची मशीन ऑनलाइन मागवली होती, घरच्या घरी छंद म्हणून लाकडावर नक्षी करायची तसली. तिच्या तोंडाला नारिंगी काचेची झडप असते, ती जागेवर नव्हती. मी या वेळी टेबलावर हात आपटला नाही. पाणी दिलं आणि विचारलं, झडप कुठे आहे?

"काढून ठेवली साहेब. गिऱ्हाइकाले नाव दिसे नाई. लोक म्हनत, झाकून काऊन करता, दाखवा ना."

"आणि चष्मा तुम्ही का घातला होता?"

"मशीनच्या कागदावर चित्र होतं चष्म्याचं."

"मग बाकीच्यांना?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "डब्यात एकच आला होता, साहेब." आणि रडायला लागला. त्याला खरोखरच वाटत होतं की चष्मा मशीन चालवणाऱ्यासाठी असतो. बघण्याने काही होतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

मशीन मुद्देमालात गेली, निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. डॉक्टरबाईंनी नंतर मला समजावून सांगितलं. असला किरण लाकडावर पडला तरी त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नये. चकचकीत स्टील तर आरशासारखं तो उलटवतं, आणि गोल भांडं कोणत्या बाजूला उलटवेल ते सांगता येत नाही. चष्माही हवा तो त्याच रंगाच्या किरणासाठी बनवलेला, आणि खोलीतल्या प्रत्येकाला. गॉगल, वेल्डिंगची काच, यांच्यावर भरवसा ठेवू नये. यंत्र झाकलेलं असलं, भोवती गर्दी नसली, तर हे काम बिनधोक होतं. डोळ्यापुढे डाग राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण त्या जागी दुखत नाही आणि न दुखणाऱ्या गोष्टीला आपण उद्यावर ढकलतो.

म्हातारीला मी स्वतः गाडीने घरी सोडलं. दारू गाळल्याची केस कायद्याने राहिलीच, ती मला मिटवता येत नव्हती. पण गावासमोर उभं राहून मी सांगितलं की डोळ्यांशी हिचा काही संबंध नाही. मग मास्तरांच्या ओसरीवर, जिथे तो प्रश्न विचारला होता तिथेच, नवरीची माफी मागितली. तिचा नवरा शेजारी उभा होता. तो म्हणाला, ते घेत नाई हे मले तं पहिल्यापासून माहीत होतं साहेब. हे ऐकून मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. तिचा डोळा पुढे थोडा सुधारला. पूर्ण नाही.

त्यानंतरच्या नोकरीत मी प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला एकच सांगत आलो. काय घेतलं, कोणी दिलं, हे नंतर विचारा. आधी विचारा, केव्हापासून. संशय आपल्या डोक्यात आधीच तयार असतो. दिवस-वार मात्र समोरच्या माणसालाच ठाऊक असतो.

एक गोष्ट राहिली. नदीपल्याडच्या त्या मांडवात आम्ही पोचलो तेव्हा पुढे उभ्या असलेल्या बायकांत तिथल्या नवरीची मावशी होती. शिवणकाम करणारी. भांडेवाल्याने तिथे काम सुरू केलं होतं सोमवारी दुपारी, आणि तिने आपल्या नावाचा हंडा तेव्हाच उमटताना पाहिला होता. सोमवारी दुपारी मी ठाण्यात बसून एका निरपराध म्हातारीला विचारत होतो की दारूत काय टाकलं.

मध्यंतरी त्या भागात जाणं झालं. मावशी अजून शिवणकाम करते. सुईत दोरा ओवायचा असला की शेजारणीला हाक मारते.