खिंडीतली लाल आई

आमची वस्ती डोंगरावर, सहा घरांची. टपालवाल्याला सायकल घिऊन चढवत न्हवतं, म्हणून टपालाची लाल पेटी वस्तीत न्हाई, खाली खिंडीत सीताफळीच्या रानात कडूलिंबाच्या झाडाला ठोकली. पत्र टाकाय आमी अर्धा कोस चालायचं, आन न्यायला यायचं का न्हाई ती त्येची मर्जी.

माझी लेक उमापूरला दिलेली. पयल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं म्हणून सुनंकडून पत्र लिवून घेतलं, कवा न्यायला येऊ ते कळवा. सून सातवी शिकलेली, तीच पेटीत टाकून आली. जबाब न्हाई. लेक तिकडंच बाळंत झाली. ती आली न्हाई, मी गेले न्हाई. दोन वर्सं झाली. मी म्हणायची, सासरच्यांना माज आलाय. न्हाईतर सुनंला टोचायची, "पेटीत टाकलंतं का चुलीत?"

"पेटीतच टाकलं आत्याबाई. किती डाव सांगू?"

पत्र टाकलं त्याच साली वारं-वावधान सुटलं आन पेटी गायब. भंगारवाल्यानं नेली म्हणले सगळे. रडलं कोण न्हाई. खाली मोठ्या गावात फोनचं दुकान निघालंतं. काचंच्या खोलीत उभं ऱ्हाऊन माणसं अशी वरडायची, की फोन नसता तरी पुण्याला ऐकू गेलं असतं.

आमच्या खिंडीत एक रीत हाय. चढ लागायच्या आधी एक दगड उचलून लिंबाखाली टाकायचा, म्हंजी पायाचा शीण तितंच ऱ्हातो. त्या ढिगात एक दिस लाल कोपरा दिसला. झालं. एकीनं कुंकू लावलं, दुसरीनं हिरव्या बांगड्या वाह्यल्या, तिसरीच्या अंगात आलं. पेटी गेली त्याच साली आई निघाली, पर दोनीचा मेळ एकीच्याबी डोक्यात आला न्हाई. त्यात मी सगळ्यात पुढं. सरपणाला गेले की हात जोडायची, "आई, माझी लेक घरी येऊ दे."

मंग दिवाळीच्या आधी मी, सून आन दोन नाती सीताफळं आणाय गेलतो. चौथीतली मोठी नात ढिगावर टेकली आन नखानं वाळलेलं कुंकू खरवडाय लागली.

"आजी, ह्या आईवर 'पत्र' लिवलंय."

"देवाला वाचू न्हाई," म्हणून मी तिला धपाटा घातला.

सुनंनं मातूर पदर खवला आन दगड काढाय सुरू केलं.

"कोप होईल गं आईचा!"

"होऊ द्या. दोन वर्सं तुमचा झेललाच की."

पेटी उताणी निघाली, वावधानात पडलेली, वर आमचेच दगड. तळ गंजून गळालेला. आत वाळवीची माती आन आठ-धा पत्रं. तिनं एक निळं पत्र वढून माझ्या हातात दिलं. तिच्याच हातचं. मंग सीताफळं तोडाय लागली. मला टोचली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिशी यष्टीनं उमापूर गाठलं. विहीणबाईनं पत्र उलटंपालटं केलं.

"ह्येच्यावर टपालाचा शिक्का कुठंय? काल लिवलं आसंल."

"आन हे कडंनं वाळवीनं खाल्लेलं? तीबी कालच पाळली का?"

लेक लेकरू कडंवर घिऊन उभी. तिनं सगळं पत्र वाचलं. मंग म्हणली, "माय, पत्र न्हाई पोचलं, खरं. पर यष्टी तर रोज येत होती. तू कावून न्हाई आलीस?"

विहीणबाई गालात हासली. हासणारच.

दोन वर्सं मी सुनंला बोलले, ह्या घराला बोलले, पत्र्याच्या डब्याला नवस बोलले. आता एवढंच म्हणलं, "तुमच्या जबाबाची वाट बघत बसले. बोलावल्याबिगर कसं यावं?"

"आन मी तुझी वाट बघत बसले," ती म्हणली.

तिनं लेकरू माझ्या अंगावर टाकलं आन आत पिशवी भराय गेली. लेकरानं आजीला कधी बघितलंच न्हवतं. ते असं वरडलं, की निम्मी गल्ली दारात आली.