पहिल्या दिवशी वेणी

माझा दादा कृत्रिम हातपाय बनवतो आणि विज्ञानपट पाहून संतापतो. दोन्ही कामं तो गेली बावीस वर्षं मन लावून करतोय. गल्लीत त्याला सगळे 'पायवाले' म्हणतात, कारण त्याच्याकडे हातांपेक्षा पायांसाठी येणारे जास्त. मी त्याची धाकटी बहीण. मला तो लहानपणापासून 'ढमे' म्हणतो. मी आता बत्तीस वर्षांची आहे आणि चांगली सडपातळ आहे, पण त्याचा दादावर काही परिणाम झालेला नाही.

दादाचं म्हणणं असं, की ज्याला पडद्यावर लोखंडी पाय दाखवायचाय त्याने आधी एक दिवस वर्कशॉपात येऊन बसावं. सिनेमातला नायक लोखंडी पायावर तिसऱ्या मजल्यावरून उडी मारतो आणि तडक पळायला लागतो. दादा म्हणतो, पायाला काही होणार नाही हे मान्य, पण तो पाय जिथे मांसाला टेकतो तिथे काय झालं ते दाखवा की. हात हलवला की ट्यँव ट्यँव आवाज येतो. वर्कशॉपातल्या सांध्याने असा आवाज केला तर पेशंट दुसऱ्या दिवशी दारात येऊन भांडेल. यानात दोनशे माणसं राहतात, पण कुणाच्या हातात झाडू नाही की तेलाची कुपी नाही. आणि लोखंडी हाताची माणसं झोपतात ती हातासकट. हात काढून खुर्चीवर ठेवलाय, असं दादाने आजवर एकाही सिनेमात पाहिलेलं नाही. त्याला ते इतकं लागतं की आम्हाला वाटावं, ती खुर्ची त्याच्याच घरची आहे.

त्याचं खरं पित्त खवळतं ते खलनायकावर. शरीराचा तुकडा गेला की माणसाची नियतही गेली, हे कुणी ठरवलं, असं तो विचारतो. ज्याच्या हाताला हूक तो दुष्ट, ज्याच्या तोंडावर जाळी तो त्याहून दुष्ट. एकदा थिएटरात तो मध्येच उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की माझ्याकडून चारशे माणसं पाय लावून गेली, त्यातल्या एकालाही जग बुडवायचं नव्हतं, त्यांना जिना चढायचा होता. दोन माणसांनी येऊन आम्हाला बाहेर काढलं. माझे पॉपकॉर्न खुर्चीवरच राहिले. तेव्हापासून आम्ही घरी पाहतो.

कार्टूनवाल्यांना मात्र तो मानतो. ते पोरासोरांचं असतं असं वहिनी म्हणाली की तो तिला अर्धा तास ऐकवतो. जिवंत नटाच्या सिनेमात गुडघा आयता मिळतो, म्हणून तिथे गुडघ्याचा विचार कुणी करत नाही. चित्रवाल्याला फुकट काहीच मिळत नाही. त्याला गुडघा काढावा लागतो, तो वाकवावा लागतो, वाकताना वजन कुठे गेलं हे ठरवावं लागतं. एका ॲनिमेशनपटात विहिरीवर पाणी ओढणारा एक म्हातारा यंत्रमानव आहे. त्याचं कोपर सैल झालंय आणि त्याने ते तारेने बांधलंय. घागर उचलायच्या आधी तो दर वेळी ती तार चाचपतो. दादाने ते दृश्य आम्हाला निदान वीस वेळा दाखवलं असेल. हे ज्याने काढलं त्याच्या घरात कुणीतरी अधू असणार, असं तो म्हणतो.

आणि मग तो वैमानिक बाईचा सिनेमा. तिचा डावा हात युद्धात जातो, डॉक्टर तिला चकचकीत रुपेरी हात बसवतात आणि पुढच्याच दृश्यात ती आरशासमोर बसून दोन्ही हातांनी वेणी घालते. दादा सोफ्यावरून उठलाच. पहिल्या दिवशी वेणी? त्याच्याकडे माणसं दोन महिन्यांनी चमचा धरतात आणि पेढे वाटल्यासारखा चेहरा करून सांगायला येतात. तेव्हापासून ती आमच्या घरातली म्हणच झाली. नळवाला 'आत्ता करून देतो' म्हणाला की वहिनी आतून म्हणायची, पहिल्या दिवशी वेणी.

सात महिन्यांपूर्वी माझा डावा हात गेला.

मी पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात होते, कापणीच्या यंत्रावर. चूक कुणाची, यावर बोलायला लागले तर दादा बाजूला राहील, म्हणून ते सोडते. मनगटाच्या वर चार बोटं, इतका गेला. कोपर शाबूत राहिलं. दादाच्या धंद्यात कोपर राहणं ही चैन समजतात.

हॉस्पिटलात मला शुद्ध आली तेव्हा दादा पलंगाशी बसला होता. माझे केस कमरेपर्यंत. मी पहिलं काय विचारलं असेल, तर वेणीचं. आता विचार करते तेव्हा माझीच मला लाज वाटते, पण तेव्हा डोक्यात तेवढंच होतं. दादा म्हणाला, "घालशील. सिनेमावाले खोटं दाखवतात, मी खोटा हात बनवत नाही. तुला असा करून देतो की वेणी घालशील."

मी विश्वास ठेवला. सिनेमावर नव्हे, त्याच्यावर. बावीस वर्षं जो माणूस खोट्या हाताला शिव्या देतो तो आपल्याला खरं तेच सांगणार, इतकं साधं गणित होतं. वहिनी रोज फणी घेऊन यायची आणि मी तिला परत पाठवायची. माझी मी घालीन म्हणायची. केस कसेबसे पिनेत अडकवून ठेवायची. मागच्या बाजूला गुंता होत गेला. वहिनी एकदा म्हणाली की अगं, मी काय परकी आहे का. मी तिला काहीतरी तोडून बोलले, ते इथे लिहीत नाही.

जखम भरल्यावर दादाने हात आणला. त्या हातासाठी तो सहा रविवार वर्कशॉपात जाऊन बसला होता. पाच बोटं, प्रत्येक पेर वेगळं, नखंसुद्धा कोरलेली, आणि वरून रुपेरी रंग. पाठीवरून पट्टा जायचा, त्याची केबल अंगठ्याला. खांदा पुढे ढकलला की अंगठा थोडासा उघडायचा. वहिनी म्हणाली, दागिना वाटतो. दादा इतका खूश होता की त्याने त्या दिवशी सिनेमाच लावला नाही.

तीन महिने मी रोज सकाळी बाथरूमची कडी लावून आरशासमोर उभी राहिले. केसांचे तीन पेड करायचे, एक त्या रुपेरी बोटांत द्यायचा, आणि तो निसटायचा. पुन्हा द्यायचा, पुन्हा निसटायचा. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणू नये म्हणून मी हाताला दोष दिला नाही. स्वतःला दिला. दादाने घालशील म्हणून सांगितलंय, म्हणजे मीच आळशी, मीच मंद. बाहेर आल्यावर दादा विचारायचा, जमतंय का. मी म्हणायची, जमेल.

मग कारखान्यातून निरोप आला. सुपरवायझर म्हणाले, कापणीवर नाही, पण घडीच्या टेबलावर घेऊ, एक दिवस काम करून दाखव. घडीच्या टेबलावर डाव्या हाताने पुठ्ठा दाबून धरायचा आणि उजव्याने गोंद लावून घडी मारायची. मी रुपेरी हात घालून गेले. बायकांनी कौतुक केलं. पहिलाच पुठ्ठा सरकला. दुसरा सरकला. गुळगुळीत बोटांना पुठ्ठ्याची पकडच येईना. दुपारपर्यंत सगळी थप्पी खाली, गोंद माझ्या पदरावर, आणि टेबलावरच्या बायका मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. सुपरवायझर वाईट माणूस नाही. ते म्हणाले, अजून एकदा बघू, दोन आठवड्यांनी सोमवारी. त्यानंतर मात्र जागा भरावी लागेल.

मी घरी गेले नाही, तडक वर्कशॉप गाठलं. दादा आत एका नव्या पेशंटशी बोलत होता. तो रंगारी होता, शिडीवरून पडून त्याचा उजवा हात गेलेला. दादाने त्याच्यासमोर स्टूल ओढलं होतं आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. मी दाराबाहेर थांबले.

दादा त्याला म्हणत होता, की आज मी फक्त नकार सांगणार आहे. होकार तुमचे तुम्ही शोधाल, आणि ते मला येऊन सांगाल. घाम येईल. सुरुवातीला सोलवटेल. रात्री काढून ठेवावा लागेल आणि काढलेला बघून पहिले काही दिवस नको वाटेल. शिडीवर उभं राहून वरचा कोपरा रंगवणं जमणार नाही. कितीही सराव केलात तरी नाही, आणि ती तुमची चूक नसेल.

रंगारी रडला नाही. त्याने मान हलवली आणि विचारलं, की खालचा भाग रंगवता येईल का. दादा म्हणाला, ते तुम्ही मला सांगायचं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे तो प्रत्येकाला सांगतो. बावीस वर्षं, प्रत्येकाला, पहिल्या दिवशी. अनोळखी रंगाऱ्याला नकार मिळाले आणि मला रुपेरी रंग मिळाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी आत गेले, पट्टा सोडला आणि तो हात त्याच्या टेबलावर ठेवला.

"याला सांगितलंस," मी म्हणाले. "मला नाही सांगितलंस."

"ढमे, नंतर बोलू. पेशंट आहे."

"मग मी कोण आहे?"

"बहीण आहेस," तो म्हणाला. "तुला कसं सांगणार होतो?"

"तीन महिने मी स्वतःला शिव्या दिल्या, दादा. मला वाटलं, मलाच येत नाही. तू सिनेमावाल्यांना बोलतोस. त्यांनी निदान तिकीट काढायला लावून खोटं सांगितलं."

रंगारी उठायला लागला, मी त्याला बसायला सांगितलं. भिंतीवर तयार हूक टांगलेले होते, दोन बोटांचे, पोलादी, रबर लावलेले. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, यातला एक मला पाहिजे.

चार दिवसांत त्याने हूक बसवून दिला. त्या चार दिवसांत मी त्याच्याशी बोलले नाही. तो वहिनीला म्हणाला होता, आणि वहिनीच्या पोटात काही राहत नाही, की हूक मी पहिल्याच दिवशी देऊ शकलो असतो, पण सिनेमात तो कुणाच्या हाताला असतो ते मला माहीत आहे, लोक तिच्याकडे तसं बघतील. मला हे ऐकून जास्तच राग आला. ज्या गोष्टीसाठी भरल्या थिएटरात उभा राहिला, तीच गोष्ट स्वतःच्या बहिणीपाशी आल्यावर त्याला लोकांची भीती वाटली.

सोमवारी मी हूक घालून टेबलावर बसले. हुकाने पुठ्ठ्याची कड धरली आणि ती धरूनच ठेवली. काम सावकाश झालं, इतर जणी दोन खोकी करत तोवर माझं एक. पण थप्पी पडली नाही. सुपरवायझर दोनदा येऊन बघून गेले आणि संध्याकाळी म्हणाले, उद्या वेळेवर ये.

रविवारी दुपारी मी वैमानिक बाईचा सिनेमा लावला. मुद्दाम लावला. हूक काढून टेबलावर ठेवला, रिमोटच्या शेजारी. दादा सोफ्याच्या कडेला बसला. डॉक्टर आले, रुपेरी हात आला, आणि तो चहाचं बघतो म्हणून उठायला लागला.

"बस," मी म्हणाले.

बाई आरशासमोर बसली आणि वेणी घालायला लागली. दर वेळी इथे घर डोक्यावर घेणारा माणूस गप्प. मी म्हटलं, ओरड ना आता. त्याने आवाज बंद केला. मग स्टूल ओढून माझ्यासमोर आणलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसला, रंगाऱ्यासमोर बसला होता तसा.

"घाम येईल," तो म्हणाला. "सोलवटेल. रात्री काढून ठेवावा लागेल."

"ते कळलंय मला. पुढचं सांग."

त्याला वेळ लागला. मी त्याला मदत केली नाही.

"वेणी नाही येणार, ढमे. हात डोक्यामागे नेलास की केबल ओढली जाते, हूक उघडतो आणि पेड सुटतो. दहा वर्षं घासलंस तरी नाही येणार. आणि ती तुझी चूक नाही."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या नाही आलं. मी रागावलेलीच होते, खरं सांगायचं तर अजूनही थोडी आहे. पण सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला पेशंट समजून बोललं होतं.

मी वहिनीला हाक मारली आणि फणी घेऊन ये म्हटलं. ती माझ्यामागे येऊन बसली. सिनेमा संपला तरी ती मागचा गुंता सोडवत होती.