पेचकस पूजेत बसला तेव्हा

खांडेनवमी. दुपारपर्यंत कडक ऊन, चारनंतर आभाळ भरून आलं, वारा मुळीच नाही.

काय झालं ते सांगतो, पण निदान पहिल्या घोटाला हसू नका, चहा सांडेल.

विजेच्या बटणातल्या पेचाला कुठला पेचकस लावावा, यावर साऱ्या महाल वस्तीत माझ्याइतकं कुणी बोललं नसेल. टोक खाचेत पुरतं भरलं पाहिजे. रुंद असलं तर भोकात शिरत नाही, बारीक असलं तर खाच खाऊन टाकतं. मूठ लाकडाचीच हवी. हे मला कुणी शिकवलं नाही. घरी वीज आल्यापासून बटणं उघडून उघडून मीच शोधून काढलं! सीताबर्डीवर मी पेचकस निवडत होतो, तेव्हा दुकानदार शेवटी कंटाळून म्हणाला, "साहेब, पेचकस घेऊन राहिले का सून पाहून राहिले?"

आता अशा माणसाच्या हातून हे व्हावं?

त्या संध्याकाळी उमरेडहून सासरे यायचे होते. विजेवर त्यांचा काडीचा भरवसा नाही. "दिवा माह्यासमोर लागला तर मीही घरी वीज घेतो," त्यांनी बजावलं होतं. "नाही लागला, तर माही लेक कंदिलातच राहील." आणि कंदील ते स्वतःच घेऊन येणार होते!

सकाळी पूजा मांडली. पाटावर विळी, कोयता, अडकित्ता, कात्री आणि माझा पेचकस. सगळ्यांना हळदकुंकू, फूल. मग वाटलं, विजेनं काय घोडं मारलंय? ओल्या बोटानं कुंकू लावायचं, म्हणून मेनच्या पेटीचा दांडा आधी खाली करून साऱ्या घराची वीज तोडली. काळजी घेणारा माणूस ना मी! पेटीला कुंकू लावलं आणि वरून झेंडूचा हा एवढा हार चढवला. पेटी दिसेनाशीच झाली.

दिवेलागणीला बैठकीतलं बटण दाबलं. दिवा नाही.

"बटणातला पेच सैल झाला," मी तिथल्या तिथं निदान केलं.

"अहो, स्वयंपाकघरातलाही लागून नाही राहिला," बायको आतून म्हणाली.

"होते तसं. एका पेचाची ढिलाई साऱ्या घरात पसरते."

असे बघू नका माझ्याकडे. ऐका पुढे.

मी पूजेतल्या पेचकसाला हात घालणार, तोच बायको मध्ये उभी. "आज हत्यार उचलत नाहीत. उद्या दसऱ्याले उचला."

"अवं, पण तुहे बाबा आज येऊन राहिले ना!"

"म्हणून काय देवासमोरून उचलता?"

शेजारच्या सुताराकडे धावलो. त्याचेही झाडून सारे पेचकस कुंकू लावून बसलेले.

"काहून गा, एकही बाहेर नाही ठेवला?"

"एकटा बाहेर ठेवला असता भाऊ, तर रुसला नसता का तो?"

घरी परतलो. बटणाचं झाकण हातानं फिरवून काढलं. आता पूजेबाहेर काय उरलं होतं? उलथनं. ते भोकात शिरेना. चांदीचं कानकोरणं शिरलं, पण पेच फिरायच्या आधी तेच वळलं. शेवटी डब्याच्या झाकणाचा पत्रा दुमडून घेतला.

विजेचा धक्का बसू नये म्हणून काय केलं असेल? रेशमातून वीज जात नाही हे मला ठाऊक होतं. सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसलो, उपरणं हाताला गुंडाळलं, पायांत खडावा घातल्या आणि लाकडी पाटावर उभा राहिलो.

नेमके तेव्हाच सासरे दारात! हातात कंदील.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जोडे काढले आणि हात जोडून गुपचूप खाली बसले.

"पूजा चालू आहे वाटते. होऊ द्या जावईबापू, मी बसतो."

आता पूजा नाही म्हणून कसं सांगणार? मी ओठ हलवत राहिलो आणि पत्रा पिळत राहिलो. कर्रर्र! खाच सपाट झाली, पेच निसटला आणि तार बाहेर आली.

"निघालं!" मी ओरडलो.

"काय निघालं?"

"विघ्न."

"मंग मीही फूल वाहतो," म्हणून सासरे उठले ते थेट हार घातलेल्या मेनच्या पेटीपाशी. फूल खोचायला गेले आणि हार खाली पडला.

"जावईबापू, हा दांडा खाली काहून आहे?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दांडा वर केला. मी पाटावरून जी उडी मारली, ती थेट दारात. एक खडाव पाटावरच राहिली.

"लागला! बाबा, लागला!" स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

सासरे आत गेले. दिव्याकडे बराच वेळ पाहून बाहेर आले. मग अंधारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मुकटा, एक खडाव, हातात पत्रा.

"वीज चांगली आहे," ते म्हणाले. "वीज तर मी घेतो."

त्या दिवशी बैठकीत त्यांचा कंदील लागला आणि पानं स्वयंपाकघरात मांडली. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर सासऱ्यांनी पूजेतला पेचकस उचलला, माझ्यासमोर आपल्या पिशवीत ठेवला आणि उमरेडला घेऊन गेले.